बी विंग ग्रुप: ४०४ च्या खिडकीतली माशी

प्रसाद ३०४: सेक्रेटरी साहेब, रंगाऱ्यांचा झुला आज परत चौथ्या मजल्यावरून रिकामा खाली आला. विचारलं तर म्हणे "आजी हात लावू देत नाहीत". खिडकीच्या चौकटीवर गांधीलमाशीचं पोळं आहे, तेही माझ्या मुलीच्या खोलीच्या बरोबर वर. हे किती दिवस चालणार?

सेक्रेटरी: प्रसाद, कल्पना आहे. सकाळीच बोललो त्यांच्याशी. पावसाआधी काम उरकायचं आहे, सर्वांनी सहकार्य करावं 🙏

मीनल ४०३: पेस्ट कंट्रोलवाल्यालाही ४०४ ने दारातूनच परत पाठवलं होतं. मग माझ्या ओट्यावर झुरळं येतात ती कुठून, हे वेगळं सांगायला नको.

शैला ४०४: मीनल, झुरळं डक्टमधून येतात आणि डक्टच्या झाकणाबद्दल मी वर्षभर लिहिते आहे. प्रसाद, ती गांधीलमाशी नाही, कुंभारीण आहे. गांधीलमाश्या लाकूड चघळून कागदासारखं पोळं करतात, घोळक्याने राहतात आणि पोळ्याला धक्का लागला की अंगावर येतात. कुंभारीण चिखलाचं घर करते, एकटीच असते आणि घराची राखणही करत नाही.

प्रसाद ३०४: एकटी असो की दुकटी, डंख आहे ना? विषय सुरक्षेचा आहे. लहान मुलं आहेत.

शैला ४०४: डंख आहे, तो कोळ्यांसाठी. हातात पकडली, दाबली, तरच माणसाला मारेल. कोळ्याला मारत नाही, लुळा करते, म्हणजे तो सडत नाही. मातीची एक खोली अशा कोळ्यांनी भरायची, आत एकच अंडं घालायचं, तोंड लिंपायचं आणि शेजारी दुसरी खोली सुरू करायची. अळी ते कोळी खाऊन वाढते.

रोहन २०२: म्हणजे किराणा भरलेला रेडी पझेशन वन रूम. मेन्टेनन्स पण नाही 😄

मीनल ४०३: मेन्टेनन्सचं नाव तू तरी काढू नकोस रोहन.

रोहन २०२: भरलाय ताई. पावती टाकू का इथे?

खजिनदार १०३: पावती मी दिलेली नाही, त्यामुळे टाकता येणार नाही. फोन करतो.

नाना १०१: आम्ही लहानपणी हिला भृंगी म्हणायचो. ती अळीला आणून कोंडते आणि ती अळी भीतीने तिचाच ध्यास घेत घेत भृंगी होऊन बाहेर पडते. कीटकभृंग न्याय म्हणतात तो हाच.

शैला ४०४: नाना, बाहेरून तसंच दिसतं खरं. आत भक्ष्य जातं आणि काही आठवड्यांनी माशी बाहेर येते. पण ती तिचीच लेक असते, आतल्या अंड्यातली. कोंडलेला जीव तिच्या पोटात गेलेला असतो. जुन्या लोकांनी बघितलं नीट होतं, फक्त माती फोडून पाहिली नव्हती.

प्रसाद ३०४: नाना, तो न्याय राहू द्या. विषय सुरक्षेचा आहे. लहान मुलं आहेत.

मीनल ४०३: शैलाताई, राग मानू नका, पण एका माशीसाठी अख्ख्या विंगचं काम अडवायचं?

शैला ४०४: राग नाही. विचारलंस म्हणून लिहिते. हे गेल्यापासून पंखा सोडला तर घरात माझ्याशिवाय काही हलत नाही. लेक रोज फोन करते, पण फोन ठेवला की पुन्हा तेच. ही आली आणि घराला येणं-जाणं सुरू झालं. कुंडीखालच्या ताटलीत ओली माती असते, तिथे डोकं खाली घालून गोळी वळते, जबड्यात धरते आणि चौकटीवर नेते. लिंपताना गुणगुणल्यासारखा आवाज येतो. उडायच्या स्नायूंची ती थरथर असते, तिने माती नीट पसरते. पलीकडच्या खोलीतूनही मला कळतं की आता लिंपण चाललंय. खिडकीवर ऊन आलं की ती कामाला लागते, त्याआधी ताटलीत पाणी हवं म्हणून मी उठते. पूर्वी उठून करायचं काय म्हणून पडूनच राहायचे. ती मला ओळखते असं मी म्हणत नाही. मी तिला ओळखते, तेवढं मला पुरतं. मागच्या पावसात मी तापाने पडले होते, दाराबाहेर पेपर साठत गेले आणि त्याच दारावरून माणसं रोज ये-जा करत होती. तेव्हा कोणाला काही बोलले नाही.

मीनल ४०३: *हा मेसेज डिलीट केला आहे*

मीनल ४०३: ताई, पेपर मी पाहिले होते. वाटलं लेकीकडे गेलात.

शैला ४०४: बेल वाजवायची होतीस.

नाना १०१: शैला, जेवण झाल्यावर फोन करतो.

प्रसाद ३०४: काकूंबद्दल आदर आहेच. पण पुन्हा सांगतो, विषय सुरक्षेचा आहे.

शैला ४०४: मग कामाचं सांगते. शेवटची खोली लिंपली की ती निघून जाते, पिल्लांसाठीही थांबत नाही. पुढे मातीला गोल भोकं दिसायला लागतील. भोक पडलं की ती खोली रिकामी. सगळ्या रिकाम्या झाल्या की मी स्वतः खरवडून चौकट पुसून देईन. तोवर तेवढी एक चौकट सोडा, भिंत खुशाल रंगवा. फक्त तिथे औषध मारू नका आणि प्लास्टिक चिकटवू नका.

रोहन २०२: काकू, मघाशी उगाच थट्टा केली. पण ती गेल्यावर?

शैला ४०४: ताटली ओली ठेवीन. दुसरी आली तर येईल, सांगता येत नाही.

सेक्रेटरी: ठेकेदाराशी बोललो. मागची बाजू आधी घेणार, ४०४ ची चौकट सगळ्यात शेवटी. डक्टच्या झाकणाचं याच मीटिंगला घेतो.

प्रसाद ३०४: ठीक. पण कोणाला चावली तर जबाबदारी ४०४ ची, हे लेखी हवं.

शैला ४०४: देते लेखी. आणि मुलीला दुपारी वर पाठव, काच बंद ठेवून आतून दाखवते. परवा जिन्यात तिनेच मला विचारलं, काकूआजी ती माती कुठून आणते म्हणून.

प्रसाद ३०४: तिची परीक्षा आहे. रविवारी बघू.