अनुभव धागा : सप्टेंबरमधली शाळा आणि एप्रिलमधली शाळा

दरवर्षी 30 सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरून शाळाशाळांची माहिती यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत भरली जाते. वर्गखोल्या, वापरात असलेली शौचालये, पिण्याचे पाणी, वीज, शिक्षक आणि 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद, असा तिचा पसारा आहे. 2023-24 या वर्षात देशभरात सुमारे 14.72 लाख शाळा आणि 24.8 कोटी विद्यार्थी नोंदवले गेले. तो अहवाल हाती आला तेव्हा 2024 संपत आले होते. 2024-25 चा अहवाल मात्र ऑगस्ट 2025 मध्येच आला, ही सुधारणा मी मनापासून मान्य करते. तरीही माझा प्रश्न त्या एका तारखेचा आहे. आपल्या विदर्भात सप्टेंबरअखेर विहिरी भरलेल्या असतात आणि मुले गावातच असतात. एप्रिलमध्ये तीच शाळा कशी असते, हे कोणत्या रकान्यात दिसते? नागपूर जिल्ह्यात ज्यांनी ही माहिती भरली, तपासली किंवा नुसती वाचली, त्यांनी शाळेचे आणि व्यक्तीचे नाव न घेता आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती.

निवृत्त मुख्याध्यापिका, ग्रामीण भाग

आपण पाण्याचा उल्लेख केला, म्हणून तेथूनच सुरुवात करते. आमच्या शाळेच्या आवारातील हातपंप दिवाळीपर्यंत उत्तम चालत असे, त्यामुळे अर्जात ‘पाणी उपलब्ध’ असे लिहिताना मी खोटे लिहीत नव्हते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र दांडा कितीही हलवला तरी नुसती हवा येई, आणि मुली घरून बाटली आणत. ती दुपारच्या आधीच संपे. पाणी नाही म्हणून शौचालयाला कुलूप, आणि शौचालयाला कुलूप म्हणून सातवीच्या मुली जेवणाच्या सुटीत घरी गेल्या की परत येत नसत. हजेरीपटावर ही गळती मला रोज दिसत होती, परंतु वार्षिक माहितीत आमची शाळा सर्व सुविधांनी युक्त होती. एके वर्षी मी एकूण शौचालये दोन आणि वापरात असलेली शून्य असे लिहिले, कारण त्या वर्षी टाकी सप्टेंबरमध्येच फुटलेली होती. आकडा वाईट दिसेल, तेव्हा दुरुस्ती झाली असे समजून भरा, असा निरोप वरून आला. मी शून्य कायम ठेवले. टाकी जानेवारीत बसली. तो आकडा कोणी वाचला म्हणून बसली की सरपंचांनी मनावर घेतले म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि तेच मला खुपते.

शिक्षक, महानगरपालिका शाळा

माहिती भरण्याच्या कामाबद्दल आमच्यात नाराजी आहे आणि ती रास्त आहे. आधारवरील नाव आणि दाखलखारीज नोंदवहीतील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी नोंद अडते, आणि शेवटच्या तारखेच्या आसपास संकेतस्थळ इतके संथ होते की रात्री अकरानंतरच काम पुढे सरकते. परंतु विद्यार्थीनिहाय नोंदीचा एक लाभ मी स्वतः पाहिला आहे. वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका कुटुंबातील चौथीची मुलगी डिसेंबरमध्ये आमच्याकडे आली, तिच्याजवळ शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. तिच्या मोठ्या भावाने जुन्या गुणपत्रिकेवरचा पेन क्रमांक, म्हणजे या प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणारा कायमचा क्रमांक, दाखवला. मागील शाळेने तिला ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये टाकलेले होते, म्हणजे ती कोणत्याच शाळेच्या पटावर नव्हती. तिला आमच्या पटावर घेता आले. जुन्या पद्धतीत ती मागच्या गावाच्या पटसंख्येतला एक आकडा होऊन राहिली असती आणि तिला शोधत कोणी आले नसते.

निवृत्त केंद्रप्रमुख

ऑक्टोबर 2011 मधील पटपडताळणीत मी होतो. बोगस पट शोधण्यासाठी राज्यभर एकाच वेळी शाळा मोजल्या गेल्या आणि मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. ते करताना मला संकोच वाटला, पण संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होतात हे, पटावर ठरते आणि पटावर शिक्षकाचे पद टिकते, तेव्हा आकडा फुगवण्याचा मोह कोठून येतो, हे मी वीस वर्षे जवळून पाहिले होते. माहिती देणाऱ्याची नोकरी त्याच माहितीवर अवलंबून असेल, तर तपासणी बाहेरच्या माणसाने करणे भाग आहे. माझे त्याहून आग्रहाचे मत असे की शाळेला शिक्षा देणारे आकडे आणि शाळेला मदत देणारे आकडे वेगवेगळ्या अर्जांतून घ्यावेत.

शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

तारखेच्या मुद्द्याला एक जोड देते. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राने कोविडच्या काळात, 2021-22 मध्ये, ‘स्कूल पल्स पॅनेल’ हे सर्वेक्षण सुरू केले. त्यात सगळ्या शाळा मोजल्या नाहीत. निवडलेल्या काही सरकारी शाळांतील मुख्याध्यापक व कर्मचाऱ्यांना ठरावीक महिन्यांनी थोडेच प्रश्न विचारले, उदाहरणार्थ गैरहजेरी किंवा रिक्त पदे, आणि निष्कर्ष लवकर प्रसिद्ध केले. आपल्या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. प्रत्येकातील मोजक्या शाळांना मार्च-एप्रिलमध्ये फक्त पाणी, शौचालय आणि हजेरी यांविषयी विचारले, तरी वरच्या मुख्याध्यापिकाबाईंचा हातपंप कागदावर येईल.

पालक, शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य

शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तरीही दोन वर्षे मला भरलेला अर्ज कोणी दाखवला नाही. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक फलकावर लिहिलेला असतो. तो मुलाने संकेतस्थळावर टाकला आणि आम्ही आमच्या शाळेची माहिती घरी बसून वाचली. ग्रंथालय : आहे. ते एका पत्र्याच्या पेटीत, कुलपात होते. मी त्या पानाची छापील प्रत सभेत नेली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. मुख्याध्यापक रागावले नाहीत. उलट, किल्ली हरवली आहे आणि नवी करायला पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे हे कळत नाही, असे त्यांनी सांगितले. कुलूप त्याच आठवड्यात तोडले. पेटीतील पुस्तकांपैकी वरची थोडी वाळवीने खाल्लेली होती, खालची चांगली निघाली, आणि आता शनिवारी ती मुलांना घरी नेता येतात.