रॉक गाण्यातला दडलेला अर्थ बरोबर आहे, हे कशावरून ओळखावे?

ओलितवाला (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीच्या पाळीत येते. हरभऱ्याला ओलित करताना झोप लागू नये म्हणून मी मोबाईलवर ईगल्स या अमेरिकी बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकू लागलो. माझे इंग्रजी बेताचे आहे, त्यामुळे गाण्याचे शब्द वहीत उतरवले आणि शब्दकोश घेऊन बसलो. वाळवंटातल्या रस्त्याने रात्री निघालेला प्रवासी दूरचा दिवा पाहून थांबतो, दारात उभी असलेली बाई त्याला आत नेते, आणि शेवटी पहारेकरी त्याला सांगतो की खोली केव्हाही सोडता येईल, पण येथून निघून जाता येणार नाही. एवढी गोष्ट मला समजली.

त्यापुढे मात्र गोंधळ आहे. एक मित्र म्हणतो की हे सैतानाला मानणाऱ्या पंथाचे गाणे आहे, दुसऱ्याच्या मते ते मनोरुग्णालयाचे वर्णन आहे आणि तिसरा म्हणतो की सगळे गाणे नशेवर आहे. तिघांकडेही आपापल्या बाजूचे व्हिडिओ आहेत आणि तिघेही ठाम आहेत. या गाण्याचा अर्थ तर मला हवाच आहे, पण त्याहून जास्त हे हवे आहे की एखादा अर्थ बरोबर आणि दुसरा ओढूनताणून आणलेला, हे कोणत्या आधारावर म्हणायचे?

वर्धाकाठ

दादा, आधी शीर्षकातला एक शब्द बाजूला काढू. आपल्या गावात हॉटेल म्हणजे चहा आणि आलूबोंडा मिळण्याची जागा, मुक्कामाला आपण लॉज म्हणतो. या गाण्यातले हॉटेल मुक्कामाचे आहे, तेही श्रीमंती थाटाचे. हे डोळ्यांपुढे नसेल तर पुढचे सगळे चुकते.

गाणे ज्या अल्बममध्ये आहे तो डिसेंबर 1976 मध्ये आला. चाल मुळात बँडमधल्याच डॉन फेल्डर यांची, शब्द मुख्यत्वे डॉन हेन्ली यांचे आणि त्यात ग्लेन फ्राय यांचाही वाटा. लॉस एंजेलिसमधले चैनीचे, अतिरेकी जगणे त्यांनी जवळून पाहिले होते. निरागसतेकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास, असे हेन्ली यांनी या गाण्याबद्दल सांगितले आहे.

आता तुमच्या वहीतली ती ओळ पाहा, जिथे पाहुणा वाइन मागतो आणि त्याला उत्तर मिळते की ते ‘स्पिरिट’ येथे 1969 पासून नाही. स्पिरिट म्हणजे दारू आणि स्पिरिट म्हणजे चैतन्यही. ऑगस्ट 1969 मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात लाखो तरुण शांततेने गाणी ऐकत बसले होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॅलिफोर्नियातच आल्टमाँटच्या कार्यक्रमात एका प्रेक्षकाला भोसकून मारले गेले. ती पिढी आपला जोम तिथेच हरवून बसली, असा अर्थ मला या ओळीत दिसतो.

सैतानवाले मित्र बहुधा श्वापदाच्या ओळीवर बोट ठेवत असतील. मेजवानीला जमलेले लोक पोलादी सुऱ्यांनी त्या श्वापदाला भोसकतात, पण ते मरत नाही. त्या सुऱ्या (मूळ शब्द ‘स्टीली’, म्हणजे पोलादी) म्हणजे स्टीली डॅन या बँडला गाण्यातून केलेला नमस्कार आहे, कारण त्यांनी आपल्या एका गाण्यात ईगल्सचे नाव घेतले होते. आणि श्वापद कोण, हे त्याच्या जरा आधी ती बाई सांगून गेलेली आहे: आम्ही सगळे आपणच रचलेल्या सापळ्यातले कैदी आहोत. मग ते श्वापद हव्यासाशिवाय दुसरे कोण असणार? नशेचा अर्थ त्या हव्यासात येतोच, त्यामुळे तुमचा तिसरा मित्र चुकलेला नाही. त्याने फक्त एका भागाला पूर्ण गाणे मानले आहे.

मेळघाटची वाट

वरील उत्तर पटले, पण गीतकार काय म्हणाला यावरच सगळा भार टाकू नये. पुष्कळदा अर्थ दडलेला नसतोच, आपले कान धृपदापाशी थांबलेले असतात.

अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 1984 सालचे ‘बॉर्न इन द यूएसए’ घ्या. धृपद मूठ उंचावून म्हणण्यासारखे आहे, म्हणून अनेकांनी ते देशाभिमानाचे गाणे मानले, आणि त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीही स्प्रिंगस्टीन यांचे नाव गौरवाने घेतले. पण कडव्यांत व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला कामगार आहे, ज्याला गावात काम मिळत नाही आणि ज्याचा भाऊ त्या युद्धातून परत आलेला नाही. धृपदातला तो टाहो याच माणसाचा आहे. भजनातही धृपद सगळ्यांना पाठ असते आणि अंतरा म्हणताना आवाज बारीक होतात, तसेच येथे झाले.

द पोलिस या बँडचे 1983 सालचे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लोक लग्नात वाजवतात. त्यात एक माणूस दुसऱ्यावर प्रत्येक श्वासाला पाळत ठेवतो, आणि ते लिहिणाऱ्या स्टिंग यांनी स्वतः ते प्रेमगीत नसल्याचे सांगितले आहे. मला ते लग्नाच्या मांडवात ऐकवत नाही.

झाडीपट्टीकर

मी भंडारा जिल्ह्यातला, शाहिरी ऐकत वाढलो, म्हणून त्या अंगाने सांगतो. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात भेदिक लावणी असते. एक शाहीर कोडे घालतो आणि दुसऱ्याला त्याचा भेद उकलावा लागतो. त्याचे उत्तर एकच असते, चुकले की हार. भारुडाची रीत वेगळी आहे. नाथांच्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे भारुडच सांगते, उताराही तेच देते, आणि तरीही विंचू हा विंचूच राहतो, म्हणून तर ऐकणारा कळवळतो. रॉक गाणी बहुतेक भारुडाच्या जातीची आहेत आणि आपण ती भेदिक समजून उकलायला बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीटल्स या इंग्लंडच्या बँडच्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’चे तसेच झाले. 1967 साली लोकांनी त्यातली आद्याक्षरे जुळवून एलएसडी हे नशेचे द्रव्य शोधून काढले. बीटल्समधले जॉन लेनन मात्र सांगत राहिले की त्यांच्या मुलाने आपल्या वर्गातल्या लूसीचे चित्र काढून आणले होते, नाव त्याचेच आहे. त्या काळात ते स्वतः ते द्रव्य घेत होते, त्यामुळे गाण्यातल्या रंगांवर त्याची छाया नसेलच असे मी म्हणणार नाही, पण आद्याक्षरे हा काही पुरावा नव्हे. आपल्या जुन्या शाळेतले एक शिक्षक मुलांकडून बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावून घेतात, हे कळल्यावर याच लेनन यांनी ‘आय अ‍ॅम द वॉलरस’मध्ये मुद्दाम अर्थ न लागणारे शब्द घातले.

या नादाचे भीषण टोकही आहे. बीटल्सचेच ‘हेल्टर स्केल्टर’ नावाचे गाणे आहे, त्या शब्दांचा अर्थ इंग्लंडच्या जत्रेतली वळणावळणाची घसरगुंडी. अमेरिकेतल्या एका टोळीचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन याने त्या गाण्यात वंशयुद्धाचा निरोप ऐकला, आणि 1969 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या टोळीने लॉस एंजेलिसमध्ये खून पाडले. म्हणून मी विचारतो की जो अर्थ तुम्ही काढला, तो गाण्यातल्या इतर ओळींना चालतो का? की एकच ओळ उचलून बाकीची गाडून टाकावी लागते?

ओलितवाला

सर्वांचे मनापासून आभार. झाडीपट्टीकर काका, तुमची कसोटी काल रात्री मोटर चालू करून बांधावर बसल्यावर लावून पाहिली. मनोरुग्णालयाचा अर्थ घेतला तर अंगणात नाचणारी माणसे, वाइन आणि 1969 यांचे काय करायचे ते कळत नाही, म्हणून तो सोडला. सापळ्याची ओळ धरली तर मात्र सुरुवातीचा दिवाही तिच्यात बसतो, कारण प्रवाशाला कोणी ओढून नेलेले नाही, तो आपणहून थांबला आहे. पहारेकऱ्याच्या वाक्यानंतर सुमारे दोन मिनिटे नुसत्या गिटारी वाजतात. तो भाग मी आजवर पुढे ढकलत असे. काल तो पूर्ण ऐकला. सुटकेचा एकही शब्द त्यानंतर येत नाही, हे पहिल्यांदाच लक्षात आले.