मळ्यात घर बांधताना आधी फीडर विचारा

मळ्यात घर बांधावं की कॉलनीत प्लॉट घ्यावा, या चर्चेत मळ्यातलं घर थंड राहतं असं म्हटलं गेलं, ते अगदी खरं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात गेला की केळीच्या बागेला लागून असलेलं आमचं घर कॉलनीतल्या तापलेल्या स्लॅबपेक्षा कितीतरी बरं वाटतं. पण विजेचं कुणीच काढलं नाही. डीपी (ट्रान्सफॉर्मर) बांधावरच आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या कोणत्या वीजवाहिनीवर आहे ते विचारा. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा असतो.

आमची शेतीच्या फीडरवर निघाली. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज आठ तास, तीही पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. बाकी वेळ सिंगल फेजवर पंखा फिरत नाही, रांगतो. इन्व्हर्टर घेतला, टाकी मोठी बसवली. तरी रात्री दोनला मोटार चालू करायला मीच उठतो. (बायको म्हणते, प्लॉटच घ्यायचा होता.)