फायबर होडीला घरी स्प्रे मारायचाय, गन कोणती घ्यावी?

मांडवातली होडी: २४ फुटी फायबर होडी मालवणला अंगणात झापांच्या मांडवाखाली ओढून ठेवली आहे. पाण्यावरच्या भागाला टू-पॅक पॉलियुरेथेन (पीयू, हार्डनर कालवून लावायचा रंग) मारायचंय. घरात १ एचपीचा, २५ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. त्यावर एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन चालेल का? की विजेवरची हातगन घेऊ? अँटिफाउलिंगही (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग) त्याच गनने होईल का?

मतलई: १ एचपीवर नाही चालणार. बहुतेक एचव्हीएलपी गनना सतत १० ते १४ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. तुमच्या कॉम्प्रेसरच्या पाटीवर ४ लिहिलं असलं तरी गनपर्यंत जेमतेम ३ पोचते. एक बाजू नाळेपासून मागेपर्यंत न थांबता मारायची असते. मध्येच दाब पडला की थेंब जाड होतात आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो.

४ ते ६ सीएफएमवर चालणारी एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाबाची) गन घ्या आणि ३ एचपीचा कॉम्प्रेसर भाड्याने आणा. पीयूला १.३ मिमीचं नोझल, इपॉक्सी प्रायमरला (रंगाखालचा अस्तराचा हात) १.७ किंवा १.८. हातगन फार तर प्रायमरपुरती, तिचा फवारा जाडा असतो.

पाइप आतून १० मिमीचा हवा. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी धरणारी वाटी) कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका. तिथे हवा गरम असते, वाफ तशीच पुढे जाते आणि पाइपात थंड होऊन तिचं पाणी होतं. ट्रॅप १० मीटर पाइपानंतर लावा. हार्डनरला ओल लागली की रंगात बुडबुडे येतात.

सुकाणू: गनच्या आधी मास्कचं ठरवा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा वास येईपर्यंत ते धोक्याच्या पातळीवर गेलेलं असतं. साध्या मास्कचं कार्ट्रिज (गाळणी) संपल्याचं त्यामुळे कळतच नाही, आणि दमा जडला तर जन्माचा. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क मिळणार नसेल तर स्प्रे नकोच.

फोमचा बारीक रोलर घ्या. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच मागून मऊ ब्रशचं नुसतं टोक ओढायचं. थिनर ब्रशिंगचा वापरा, स्प्रेचा लवकर उडतो आणि ब्रशच्या रेघा राहतात. कार्ट्रिज मास्क आणि हातमोजे इथेही लागतातच.

अँटिफाउलिंग रोलरनेच. त्यातलं तांबं अंगणात, विहिरीवर उडवायचं नाही.

मांडवातली होडी: मग रोलरच. रंग किती लागेल, आणि वेळ कुठली?

मतलई: मास्कचा मुद्दा बरोबर आहे, रोलरच करा. दोन्ही बाजू मिळून साधारण १३ चौरस मीटर धरा. ३ हातांना ४ लिटर पुरेल, स्प्रेला ५ लागले असते. हार्डनर एका बाजूपुरताच कालवा, उन्हात डबा लवकर घट्ट होतो.

मेण आधी थिनरच्या फडक्याने काढा, मगच घासायचा पॉलिश पेपर मारा. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत बसतं आणि रंगाला डोळे (बारीक गोल खळगे) पडतात. आदल्या दिवशी गोड्या पाण्याने धुवा. सकाळचं दव सुकलं की सुरू करा आणि खारा वारा सुटायच्या आत हात संपवा. संध्याकाळी मारलेल्या रंगावर दव पडलं तर चमक दुधाळ होते, मग पुन्हा घासण्यावाचून इलाज नाही.