जादूची पावती कुणाच्या नावानं फाटते? (पावसाळी वाचन, थोडं कौतुक, थोडा राग)

वारणाकाठ

पावसानं घरात डांबलं की मी जाडजूड पुस्तकं काढते. यंदा इंग्रजी फँटसीचा नंबर लागला. तीन कादंबऱ्यांवर जीव जडलाय आणि एकीवर चिडलेय, म्हणून हा धागा. कथानकातलं बरंच फुटणार आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागं फिरावं.

ड्रॅगन किती मोठा आणि जादूगार किती ताकदवान, याच्याशी मला काही कर्तव्य नाही. मी एवढंच बघते, की त्या जगात जादू केली की पावती कुणाच्या नावानं फाटते? ज्यानं केली त्याच्या, की तिसऱ्याच कुणाच्या? लेखक याला बगल देत असेल तर बाकी सगळी आतषबाजी माझ्या लेखी फुकट.

उर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ ची. गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा गेड रोकच्या विद्यालयात जादू शिकायला जातो. तिथं एका सहाध्यायाशी ईर्ष्या लागते आणि फुशारकीत हा पठ्ठ्या शतकांपूर्वी मेलेल्या एका बाईला हाक मारतो. जी फट पडते तिच्यातून एक सावली बाहेर येते. गेड वाचतो, पण फट बुजवताना म्हातारे महागुरू जिवानिशी जातात. पोरानं मिरवायचं आणि मरायचं म्हाताऱ्यानं! उरलेलं पुस्तक म्हणजे त्या पोरानं हे देणं फेडणं. आधी पळत, मग उलट फिरून सावलीचा पाठलाग करत. शेवटी महायुद्ध वगैरे नाही. भर समुद्रात एक होडी, दोन मित्र आणि समोर ती सावली. एवढ्याशा पुस्तकात हे मावलंय. हल्लीच्या हजार-हजार पानवाल्यांनी बघून घ्यावं.

मग एन. के. जेमिसिनची 'द फिफ्थ सीझन' (२०१५). हिनं मला अक्षरशः झोपू दिलं नाही. सतत हादरणारा एक खंड आहे. तिथं काही माणसं जन्मतःच भूकंप शमवू शकतात, पण त्यासाठी भोवतालची ऊब ओढून घेतात. जवळ उभा असलेला गोठून मरतो. त्यांच्याशिवाय कुणाचं चालत नाही, आणि त्यांच्याशी कुणी माणसासारखं वागतही नाही. एका ठाण्यावरचा प्रसंग आहे. परिसर शांत राहावा म्हणून तिथं एका मुलाचं डोकं निकामी करून त्याला खुर्चीला जखडून ठेवलेलं असतं. रस्ते, शहरं, राजधानी, सगळं त्या खुर्चीवर उभं! निवेदनाचा एक पदर 'तू' म्हणत चालतो, तो सुरुवातीला डोक्यात जातो. चिकाटी धरा. हा 'तू' का, ते उलगडतं तेव्हा अंगावर काटा येतो. या मालिकेच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७, २०१८ असं लागोपाठ विज्ञानकथा-फँटसीतलं मानाचं ह्यूगो पारितोषिक मिळालं, ते उगीच नाही.

सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०) या दोघींपेक्षा शांत. संपता न संपणारं एक घर, दालनामागून दालन, भिंतींशी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, वर ढग. तिथला माणूस भरती-ओहोटीची वही ठेवतो आणि सुखात आहे. हळूहळू कळतं, की या घरात राहण्याचं भाडं म्हणजे स्वतःची ओळख. आणि त्यालाच कळत नाही की तो भाडं भरतोय! याहून जास्त सांगणार नाही. ही कोरीच वाचायला हवी.

आता राग. ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' (२००६). धातूचा कीस गिळायचा आणि पोटात 'जाळायचा'. पोलादानं ढकला, लोखंडानं ओढा, कथिलानं कान-डोळे तीक्ष्ण करा. कल्पना झकास. पण पुढं सगळं स्कूटरमध्ये पेट्रोल भरल्यासारखं चालतं. संपलं की कुपी काढा, परत प्या. कुणाचं काही जात नाही. मारामाऱ्या वाचताना मजा आली, आठवड्यानं काही आठवेना.

---

धातुवेडा

ताई, पहिल्या तीन पुस्तकांवरच्या परिच्छेदांना दंडवत, शेवटच्याला तीव्र हरकत!

सँडरसनचा स्वतःचाच नियम आहे, की वाचकाला जादू जेवढी नीट कळलीय तेवढाच पेच लेखकानं जादूनं सोडवावा. यात वाचकाचा मान आहे. बाकीच्या कादंबऱ्यांत ऐनवेळी म्हातारा हात वर करतो, उजेड पडतो, संपलं. इथं 'मिस्टबॉर्न'ची नायिका व्हिन हवेत उडते तेव्हा खाली नाणं कुठं पडलंय, ती किती वजनाची, भिंत किती लांब, याचा हिशेब आपण तिच्याबरोबर करतो. इंजिनिअरिंगच्या पोराला याहून दुसरं सुख नाही.

आणि किंमत नाही असं कसं म्हणता? अंगात बळ आणणारा धातू रात्रभर जाळत पळालं तर थांबल्यावर माणूस कोसळतो, मरूही शकतो. कुठला धातू कुणाकडं आहे यावर अख्खं साम्राज्य चालतं आणि मळ्यांत राबणारे गुलाम चाबूक खातात. पावती त्यांच्याच नावानं फाटतेय की.

सगळ्यात मोठं म्हणजे, त्या जगात आकाशातून राख पडते ना? मालिकेचा तिसरा भाग वाचलात का? नसेल तर पुढचं वाक्य वाचू नका. एका माणसानं अफाट शक्ती हातात घेऊन पृथ्वी दुरुस्त करायला बघितली, ती सूर्याच्या फार जवळ सरकली, मग थंड करायला राख ओकणारे डोंगर उभे केले. त्याच्या जादूचं देणं हजार वर्षं आख्खी प्रजा श्वासातून फेडतेय.

---

माणदेशी

दोघांचंही वाचन दांडगं, मान्य. पण मला एक सांगा, 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आपल्या सांगली जिल्ह्यातले, 'फकिरा' लिहिणारे अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. आणि आपण धातू गिळून उडणाऱ्या पोरीवर भांडतोय. 'बनगरवाडी'त दुष्काळ पडतो आणि गाव उठून जातं. तिथं जादू नाही, आणि किंमत कुणी मोजली हे विचारावंही लागत नाही.

जेमिसिनबाईंचं पुस्तक मीही उघडलं होतं, शंभरेक पानांनी ठेवलं. खरी जगबुडी बघितलेल्या माणसाला बनावट जगबुडीत काय गंमत? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या आटपाडीकडं त्याच साली लोक टँकरची वाट बघत होते. हे लिहा की कुणीतरी. ते सोडून ह्या नकाशावर नसलेल्या खंडाचं कौतुक म्हणजे पळवाट आहे, स्पष्ट बोलतो.

---

पेठभाग

@माणदेशी, ज्यांच्या घरात ते ५७ फुटांचं पाणी शिरलं त्यातली मी एक. आणि मला ते पुस्तक पळवाट वाटलं नाही.

त्यातल्या लोकांकडं 'दगडी वचनं' असतात. आपत्ती आली की कोठारं कशी राखायची, फाटक कधी लावायचं, वस्तीत कुणाला ठेवायचं. ही वचनं पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली. पण ती कोरली कुणी, मधल्या ओळी पुसल्या कुणी, हे कुणी विचारत नाही. मला आपल्याकडच्या पूररेषा आठवल्या. रेषा कागदावर असते, बांधकाम तिच्या आत असतं, आणि पाणी आल्यावर सगळे आभाळाकडं बोट दाखवतात. पुरावरच्या बातम्या मी त्या वेळी वाचूच शकले नाही, डोळ्यांपुढं घर यायचं. या परक्या खंडाचं मात्र वाचू शकले, कारण तो परका होता. तुम्ही शंभर पानांवर सोडलंत, हरकत नाही. पण न वाचलेल्या पानांचा निकाल देऊ नका.

---

निवृत्त मास्तर, खणभाग

मंडळी, किंमत किंमत करताय आणि घरातलं उदाहरण कुणालाच सुचेना? 'ययाती'! खांडेकरांचा जन्म इथला, सांगलीचा, १८९८ चा. कादंबरी १९५९ ची, पुढं तिला ज्ञानपीठ मिळालं. शुक्राचार्यांच्या शापानं राजा म्हातारा होतो, आणि पोटच्या पोराचं तारुण्य मागून घेतो. पुरू देतो! बापाच्या भोगाची पावती मुलाच्या नावानं. याच्यापुढं तुमचा गेड आणि ती व्हिन कोण?

कच-देवयानीचंच घ्या. कच संजीवनी शिकतो, पण शाप असा की ती त्याला स्वतःला फळणार नाही. तो ज्याला शिकवेल त्याला फळेल. कर्णाला ब्रह्मास्त्र ऐनवेळी आठवत नाही. आपल्या पुराणांत एकही विद्या फुकट मिळत नाही. हे सगळं सोडून पोरं अमेरिकेतल्या पुस्तकांवर दीड हजार रुपये घालवतात, आणि वर आम्हाला विचारतात, आजोबा, फँटसी म्हणजे काय ठाऊक आहे का.

---

मिरज जंक्शन

मास्तर, नमस्कार. 'ययाती' मोठीच, पण तिला फँटसीच्या रांगेत उभं करू नका. खांडेकरांना शापात रस नाही. त्यांना भोगामागं धावणारा आजचा माणूस दाखवायचा आहे, पुराण हे त्यांचं निमित्त. अद्भुत कादंबरीत ते जग स्वतःच्या पायांवर उभं लागतं, रूपक म्हणून नव्हे. ले ग्विनच्या बेटांवर मासळीचा बाजार आहे, होड्या बांधणारे आहेत, वारा बोलावणारा वेगळा आणि रोग उतरवणारा वेगळा. 'ययाती'तल्या हस्तिनापुरात भाजी कोण विकतं, सांगा बघू?

आणि आपल्याकडचं अद्भुत हवं तर काशीबाई कानिटकर घ्या. आपल्या आष्ट्याच्या. 'पालखीचा गोंडा' काढा. बायकांनी चालवलेलं राज्य आहे त्यात, १९२८ सालचं पुस्तक! ड्रॅगन नाही, जादू नाही, पण त्या काळी याहून अद्भुत दुसरं काय होतं? त्या पुस्तकाचं नाव किती जणांनी ऐकलंय इथं?

---

तिसरी घंटा

मधेच तोंड घालतो. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं तिथं अद्भुत परकं कसं? राक्षस राळेच्या भपक्यात ओरडत रंगमंचावर यायचे. पुढं शिकलेल्या मंडळींनी असल्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून नाकं मुरडली. माणदेशींचा सूर तोच वाटतोय, फक्त भाषा नवी.

---

माणदेशी

@तिसरी घंटा, अललडुर्रला नाकं मुरडणारे सगळेच चुकले होते असं नाही हो. राळ विझली की पुढं काय, हे त्यांनी विचारलं, म्हणून मराठी नाटक पुढं सरकलं. मी राक्षसावर बंदी मागत नाहीये. आपल्या मातीवर लिहिण्याएवढं बळ या वाचनातून येतंय का, एवढंच माझं विचारणं आहे. अजून तरी एकही मराठी पुस्तक कुणी दाखवलं नाही, जे या वाचकांपैकी कुणी लिहिलंय.

@पेठभाग, तुमच्या बोलण्यापुढं मी गप्प. पूररेषेचं लिहाच तुम्ही, परक्या खंडाच्या मिषानं लिहा हवं तर. मी शेवटपर्यंत वाचेन.

---

वारणाकाठ

बाप रे, धागा हाताबाहेर गेला! जमेल तशी उत्तरं देते.

मास्तर, पुरूचं उदाहरण नेमकं बसतं. जेमिसिनच्या खुर्चीवरचा मुलगा आणि पुरू सख्खे भाऊ शोभतील. फरक एवढाच, की पुरू हो म्हणतो, आणि गोष्ट त्या होकाराचं कौतुक करते. खुर्चीतल्या मुलाला कुणी विचारलेलंच नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो. आपल्या कथांत मुलानं दिलेल्या बळीवर आपण पटकन डोळे पुसतो आणि बापाला सोडून देतो. आणि दीड हजाराचं म्हणाल तर एवढं लागत नाही, मी निम्मी पुस्तकं मागूनच वाचते. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला तर मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणलंय, नातवंडांना तिथून सुरुवात करून द्या.

मिरज जंक्शन, भाजीवालीचा मुद्दा आवडला, पण ले ग्विनवर तो पुरता चालत नाही. १९९० ची 'तेहानू' वाचा. पहिल्या तिन्ही भागांत जादूगार पुरुष मिरवतात. चौथ्यात गेडची विद्या संपलेली, आणि गोष्ट एका विधवेच्या शेतावर घडते. शेळ्या, भांडी, आणि भाजून काढलेली एक लहान मुलगी. ले ग्विननं स्वतःच्याच जगाला विचारलं, की तुमच्या त्या थोर जादूच्या काळात बायका काय करत होत्या? काशीबाईंचं पुस्तक आता शोधतेच.

माणदेशी, पळवाट म्हणा, पण मग 'बनगरवाडी'तला मास्तर वाचतानाही मी माझ्या घरातून पळालेलीच असते.

धातुवेडा, तुझा राखेचा मुद्दा जोरदार आहे, पण तो तिसऱ्या भागातला. पहिला भाग वाचणाऱ्यानं दोन भाग उधारीवर वाचायचे का? 'अर्थसी'तले नेमर्ल महागुरू पहिल्याच पुस्तकात मरतात.

---

धातुवेडा

उधारी नाही ताई, हप्ते आहेत! आणि पहिल्याच भागात व्हिनचा गुरू केल्सिअर मरतो, ते विसरलात काय? भर चौकात, सगळ्या गुलामांदेखत. ते देणं कुणाचं होतं मग?

तिन्ही भाग माझ्याकडं आहेत, विश्रामबागेत कधीही या. 'पिरानेसी' मला द्या आणि हे घेऊन जा. फक्त तिसरा संपेपर्यंत 'मिस्टबॉर्न'वर नवा धागा काढायचा नाही, ही अट.