भा. रा. भागवत गेले हे कळायला मला इतका उशीर झाला, अजून कोणाचं असं झालंय का?

काल माळा साफ करताना फास्टर फेणेचं जुनं पुस्तक सापडलं, कव्हर फाटलेलं, आत कुठेतरी चिंचोका चिकटलेला, आणि सहज नेटवर बघितलं तर लेखक २००१ मध्येच गेलेत. तेव्हा मी कॉलेजात होतो, पत्ताच नाही. एवढ्या वर्षांनी वाईट वाटणं येडेपणाच ना?

प्रतिसाद १
येडेपणा कसला! मला तर तो फुरसुंगीचा बन्या, म्हणजे आपला फास्टर फेणे, खराच वाटायचा, त्याला कोणीतरी लिहितं हे डोक्यातच नाही आलं कधी. त्याच्यासारखं जिभेने ट्टॉक करायची प्रॅक्टिस इतकी केली की वर्गाबाहेर उभा राहिलोय.

प्रतिसाद २
फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न आम्हाला भागवतांनीच भेटवला हे विसरू नका राव. इंग्रजी वाचता येत नव्हतं त्या वयात समुद्राखाली जाऊन आलो, ते त्यांच्या मराठीमुळे. माझ्या मते हे काम फास्टर फेणेच्या तोडीचं आहे पण बोलतं कोण.

प्रतिसाद ३
२०१७ चा फास्टर फेणे पिक्चर बघितला का? त्यात प्रभावळकर भागवत झालेत. पिक्चर मला ठीकठाकच वाटला, पण ते दिसले आणि घसा दाटला, शेजारी पोरगी विचारते बाबा काय झालं, काय सांगणार.

मूळ प्रश्नकर्ता
थँक्स मंडळी. चिंचोका काढला नाही, तसाच ठेवलाय. आज रात्री मुलाला पहिलं प्रकरण वाचून दाखवतोय, ट्टॉक अजून जमतंय.