मदत हवी आहे: 'द हाऊस ऑफ हेडीस' ११ वर्षांच्या मुलीला आत्ता द्यावं का?

नमस्कार मंडळी. रिक रायॉर्डन यांच्या 'हीरोज ऑफ ऑलिंपस' मालिकेतला हा चौथा भाग (२०१३) कुणी वाचला असेल तर मत हवं आहे.

आम्ही नागपूरचे, महालात राहतो. ग्रीक देवाचा मुलगा असलेल्या पर्सी जॅक्सनची पहिली पाच पुस्तकं आणि या मालिकेतली तीन माझ्या लेकीने आबांच्या संगतीने वाचली. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एकेक भाग आबाच शोधून आणायचे. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. संध्याकाळी ती मराठीत गोष्ट सांगायची. पर्सी पाताळातल्या स्टिक्स नदीत उतरतो, सगळं अंग अभेद्य होतं आणि पाठीवरची एकच जागा कच्ची राहते, हे ऐकून आबा म्हणाले होते, "अगं, हा तर आपला दुर्योधन! गांधारीच्या नजरेतून त्याची मांडी सुटली होती ना."

आबा जूनमध्ये गेले. तिसऱ्या भागाच्या शेवटी पर्सी आणि त्याची मैत्रीण ॲनाबेथ टार्टारसच्या, म्हणजे पाताळाच्याही तळाच्या, खाईत कोसळतात. चौथा भाग आबांनी आधीच आणून ठेवलेला. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली १२० ही किंमत तशीच आहे. लेक रोज मागून राहिली आहे. मी चाळून पाहिलं तर पाताळ, मृत्यूचे दरवाजे, मेलेले राक्षस परत येणं. तेरवीनंतर ती रात्री दचकून उठते. "आबा आता कुठं असतील?" हे तिने एकदाच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आत्ता द्यावं की थांबावं?

प्रतिसाद:
ताई, पुढे कथानक फुटतंय, तुम्हाला गरज आहे म्हणून सांगते. हा भाग आधीच्यांपेक्षा भीतीदायक आहे. पर्सी विषाच्या देवतेवर तिचंच विष उलटवतो, तेव्हा ॲनाबेथसुद्धा त्याला घाबरते. ते प्रकरण तुम्ही शेजारी बसून वाचा. पण याच पुस्तकात बॉब आहे. स्मृती गेलेला टायटन (ग्रीक देवांच्या आधीच्या पिढीतला महाकाय), पर्सीला मित्र मानणारा. दोघांना वर जाता यावं म्हणून मृत्यूच्या दरवाजांच्या लिफ्टचं बटण दाबून तो खालीच राहतो. सूर्याला आणि ताऱ्यांना माझा नमस्कार सांगा, एवढंच मागतो. शेवटी पर्सी वर पाहून तो निरोप देतो. मी खूप रडले, पण रडून बरं वाटलं. मालिकेतला सगळ्यात चांगला भाग हाच, असं माझं मत.

प्रतिसाद:
रात्री झोपताना नको, दिवसा वाचा. आणि त्याआधी नचिकेताची गोष्ट सांगा. यमाच्या दारात तीन रात्री बसून त्याने तुमच्या लेकीचाच प्रश्न विचारला होता.

धागाकर्ती:
दोघींचेही मनापासून आभार. बॉबचं वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. रविवारी दुपारी सुरू करतो. ती वाचेल, मी ऐकेन. विषाच्या देवतेचं प्रकरण साधारण कोणत्या पानाच्या आसपास आहे, तेवढं सांगाल का?